टेस्ट कशी केली, ते आधी विचारा

मागच्या अंकात डिझेल आणि पर्यायी इंधनांच्या इंजिनांवर प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, आणि इतके आले की सगळे छापायचे तर अख्खा अंक लागेल, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्या उत्तरामुळे कुणाचं इंजिन किंवा पैसे वाचू शकतात ते आधी घेतलेत. मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये काम करते. म्हणजे नुसतं इंजिन बेडवर बसवायचं, डायनोला म्हणजे लोड देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्राला जोडायचं, लोड द्यायचा आणि ते किती डिझेल पितंय, किती ताकद देतंय, सायलेन्सरमधून काय काय सोडतंय ते मोजायचं. प्रश्न वाचताना एक गोष्ट सारखी दिसली, कुणीतरी वाचकाला एक आकडा सांगितलाय आणि तो कसा मोजला ते सांगितलेलंच नाही.

प्रश्न : ताई, माझे दोन बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतले) ट्रक आहेत, साखर आणि कांदा वाहतो. डीईएफच्या (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याच्या) बादल्या घेऊन घेऊन वैताग आलाय. आमच्याकडे एक जण शेतातला युरिया आणि आरओचं पाणी मिसळून डीईएफ करून देतो, समोर रिफ्रॅक्टोमीटर लावून ३२.५ टक्के दाखवतो पण. मशीनवर बरोबर येतंय तर मग अडचण काय? (ट्रकमालक, श्रीरामपूर)

उत्तर : दादा, नका वापरू. आणि हे मी कुठल्या कंपनीची बाजू घेऊन सांगत नाहीये.

रिफ्रॅक्टोमीटर एवढंच सांगतो की पाण्यात काहीतरी विरघळलंय आणि ते सगळं युरियाच आहे असं धरलं तर किती टक्के भरतं. त्यात कॅल्शियम किती, बाययुरेट नावाची अशुद्धी किती, तेल किती हे त्याला कळत नाही. आणि तुमच्या ट्रकला त्रास त्याच गोष्टींचा होतो, टक्केवारीचा नाही. २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया नीम कोटेड असतो, म्हणजे दाण्यावर कडुनिंबाच्या तेलाचा थर, पिकासाठी ते चांगलंच आहे पण डीईएफ फवारणाऱ्या डोसिंग नोझलच्या केसाएवढ्या भोकासाठी नाही. शिवाय दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वेगळी रसायनं असतात ती वेगळीच.

आत काय होतं बघा. सायलेन्सरच्या अलीकडे गरम धुरात डीईएफचा फवारा बसतो, उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो, तो कॅटॅलिस्टवर नायट्रोजनच्या ऑक्साइडना म्हणजे नॉक्सला गाठतो आणि दोघांचा मिळून साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. हे सगळं व्हायला कॅटॅलिस्टची भोकं मोकळी लागतात. क्षार त्यात एकदा बसले की धुऊन निघत नाहीत. मी असे कापून उघडलेले पाइप बघितलेत, फवाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर पांढऱ्या दगडासारखा थर, नखाने उकरला तर निघत नाही, आणि त्याच्या मागे नोझलचं तोंड अर्धं बुजलेलं. सुरुवातीला ट्रक छान चालतो, आणि तीच तर फसगत आहे. मग मागचा नॉक्स सेन्सर बघतो की नॉक्स कमी होत नाहीये, दिवा लागतो, आणि त्याकडे लक्ष दिलं नाही तर कंट्रोलर टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ कापतो. भरलेला ट्रक घाटात असताना टॉर्क कापला गेला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

किती नॉक्स वाचतो तेही सांगते म्हणजे ही कटकट कशासाठी ते कळेल. बीएस-४ च्या ट्रक इंजिनला प्रत्येक किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅम नॉक्स चालत होता. बीएस-६ मध्ये स्थिर लोडच्या टेस्टला ०.४० आणि सतत बदलत्या लोडच्या टेस्टला ०.४६. सेन्सरला खोटा सिग्नल देणारी डबी बसवून डीईएफ बंद करणारे आहेत, पण मग तो सगळा नॉक्स परत हवेत, आणि ट्रक ज्या गावातून जातो तिथली पोरं तो श्वासात घेतात.

तुमचा डीईएफचा खर्च डिझेलच्या दर शंभर लिटरमागे साधारण पाच लिटरच्या आसपास असायला हवा, फारच जास्त लागत असेल तर ट्रक दाखवून घ्या, बादलीला दोष देऊ नका. बादली सीलबंद आणि आयएसओ २२२४१ लिहिलेली घ्या. ३० डिग्रीच्या आत ठेवली तर वर्षभर टिकते, ३५ डिग्रीला साधारण सहाच महिने, म्हणजे उन्हाळ्यात पत्र्याखाली साठा करून ठेवण्यात फायदा नाही. नरसाळं वेगळं ठेवा. आणि चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवूच नका, आधी टाकी खाली करा.

प्रश्न : मॅडम, बी.ई. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहोत, प्रोजेक्ट करंजाच्या बायोडिझेलवर आहे. कॉलेजची रिग एक सिलिंडर, ५.२ किलोवॅट, १५०० आरपीएम, एडी करंट डायनो, इंधन ब्युरेटवर (खुणा केलेल्या काचेच्या नळीवर) मोजतो. फुल लोडला डिझेलवर एफिशियन्सी ३०.२ टक्के आली आणि शुद्ध करंजा बायोडिझेलवर ३२ टक्के. गाइड सर म्हणतात पेपर टाकू. आम्हाला मात्र जरा शंका येतेय. (प्रोजेक्ट ग्रुप, अमरावती)

उत्तर : शंका आली हे फार चांगलं झालं, आता ती सोडू नका. हे उत्तर लांब होणार आहे कारण असे आकडे दरवर्षी शेकडो रिपोर्टांत छापले जातात.

तुमची रिग बहुतेक किर्लोस्करची ६६१ सीसीची, आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजात तीच आहे. तुमच्या आकड्यांवरून मी उलटा हिशोब केला. डिझेलची उष्णता किलोला ४२.५ मेगाज्यूल धरली तर ३०.२ टक्के म्हणजे किलोवॅट-तासाला साधारण २८० ग्रॅम डिझेल. ५.२ किलोवॅटला सेकंदाला ०.४ ग्रॅम. डिझेलची घनता ०.८३ धरली तर ब्युरेटमधले २० सीसी संपायला ४१ सेकंद. बरोबर ना? स्टॉपवॉच दाबताना अर्धा सेकंद इकडचा तिकडे झाला की सव्वा टक्का गेलाच, हे आधी लक्षात ठेवा.

आता करंजा. बायोडिझेलची उष्णता किलोला ३७ ते ३८ मेगाज्यूल, आपण ३७.५ धरू. एफिशियन्सी अजिबात बदलली नाही असं मानलं तरी किलोवॅट-तासाला ३१७ ग्रॅम लागणार, म्हणजे वजनात १३ टक्के जास्त. बायोडिझेलची घनता ०.८८ आहे, म्हणून २० सीसी संपायला साधारण ३८.४ सेकंद. तुमच्या नोंदवहीत जर ३८ च्या आसपास आकडा असेल तर एक गोष्ट तपासा, एक्सेल शीटमध्ये घनतेच्या खान्यात अजून ०.८३ च आहे का? कारण ०.८८ ला ०.८३ ने भागलं तर १.०६ येतं, आणि ३०.२ ला १.०६ ने गुणलं तर ३२. तुमचा शोध माझ्या मते त्या एका खान्यात आहे. उष्णता बदलली, घनता बदलायची राहिली, असं झालं असणार.

तसं निघालं तर नाराज होऊ नका. "करंजावर एफिशियन्सी डिझेलएवढीच राहते पण इंधन १३ टक्के वजनाने जास्त लागतं" हा निकाल खरा आहे आणि शेतकऱ्याच्या कामाचा आहे. घनता आणि उष्णता पुस्तकातून घेऊ नका, तुमच्याच नमुन्याची मोजा, कारण तेल कुठलं, धुतलं किती, मेथॅनॉल किती राहिलं यावर दोन्ही बदलतात.

टेस्ट परत करताना इंजिन आधी नीट गरम होऊ द्या, कूलंट आणि ऑइल दोन्हीचं तापमान स्थिर झाल्याशिवाय एकही रीडिंग घेऊ नका. इंधन बदलल्यावर फिल्टर आणि पाइपात जुनं डिझेल राहतं, ते जळून संपेपर्यंत थांबा. आणि हे बहुतेक जण करत नाहीत ते करा, आधी डिझेल, मग करंजा, मग परत डिझेल. शेवटचं डिझेल पहिल्या डिझेलशी जुळलं नाही तर मधलं करंजाचं रीडिंग काही कामाचं नाही, कारण मधल्या काळात हवा तापली असेल, लोड मोजणारा लोड सेल सरकला असेल, काहीही. प्रत्येक पॉइंट तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे छापा, सरासरी काढून फरक लपवू नका.

धूर कमी आलेला असेल आणि नॉक्स किंचित वाढलेला, तर ते अपेक्षितच आहे. बायोडिझेलमध्ये वजनाच्या १० ते ११ टक्के ऑक्सिजन असतो म्हणून काजळी कमी होते. आणि तुमच्या रिगला पंप-पाइप-नोझलची जुनी पद्धत आहे, बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दबतं म्हणून पाइपातला दाब लवकर चढतो आणि नोझल थोडं आधी उघडतं, नॉक्स वाढण्यामागे हे एक कारण असतं. कॉलेजात दाब मोजणारा प्रेशर पिकअप असेल तर हे नुसतं लिहू नका, ग्राफवर दाखवा, प्रोजेक्टला खरी किंमत त्याने येईल.

एक मात्र तुमच्या टेस्टमध्ये दिसणारच नाही, दिवसाच्या शेवटी इंजिन बंद होतं त्यामुळे रिंगा चिकटणं, नोझलवर कार्बन, ऑइल घट्ट होणं यातलं काहीच कळत नाही. त्यासाठी आयएस १०००० या भारतीय मानकात ५१२ तासांची एंड्युरन्स टेस्ट आहे, १६ तासांच्या ३२ फेऱ्या, आणि मग इंजिन खोलून प्रत्येक भाग मोजायचा. नुसतं करंजाचं तेल बायोडिझेल न करता घातलं तर इथेच उघडं पडतं. तेलाचा घट्टपणा ४० डिग्रीला डिझेलच्या दहापट वगैरे असतो, फवारा बारीक होत नाही, थेंब भिंतीवर जाऊन जळतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं हे खरं आहे, आणि दाखवण्यापुरतं ते आजही चालेल. पण तेवढ्यावरून पाच वर्षांचं काम कळत नाही.

प्रश्न : ऊस आमचा, कारखाना आमचा, इथेनॉल आमचं. मग पेट्रोलमध्ये २० टक्के घालतात तर डिझेलमध्ये का घालत नाहीत? मी ट्रॅक्टरमध्ये थोडं घालून बघू का? आणि ई-२० ने बाइकचं अ‍ॅव्हरेज पडतं हे खरं का? (ऊस उत्पादक, शिरोळ तालुका)

उत्तर : काका, ट्रॅक्टरमध्ये अजिबात घालू नका, आणि यातली पहिली भीती इंजिनाची नाही, आगीची आहे. डिझेलची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला ३५ डिग्रीच्या वर तापमान लागतं, इथेनॉलची १३ डिग्रीलाच होते. म्हणजे डिझेलच्या बॅरलमध्ये थोडं इथेनॉल टाकलं की त्या बॅरलजवळ बिडी ओढणंसुद्धा जिवावर बेतू शकतं.

इंजिनाचं म्हणाल तर डिझेल इंजिनाला स्पार्क नाही, हवा दाबून तापते आणि त्यात डिझेल आपोआप पेटतं. किती पटकन पेटतं त्याला सिटेन म्हणतात, आपल्या बीएस-६ डिझेलला किमान ५१ लागतो, इथेनॉलचा जेमतेम आठ-दहा. त्यात ते डिझेलमध्ये नीट मिसळून राहत नाही, जरा पाणी लागलं की खाली वेगळं होतं, आणि पंपाला डिझेलच्या तेलकटपणाचं जे वंगण मिळतं तेही कमी होतं. म्हणून मिसळायचं तर वेगळी रसायनं लागतात आणि त्यावर काम चालू आहे.

दुसरा रस्ता म्हणजे इंजिनच इथेनॉलसाठी बनवायचं. २०१४ मध्ये नागपुरात स्कॅनियाची इथेनॉल बस ट्रायलला आली होती ती तशी. तिच्यात ईडी-९५ नावाचं इंधन, ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेटायला मदत करणारी रसायनं, आणि इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो २८ ला १. साध्या डिझेल ट्रकचा १७-१८ असतो, यावरून अंदाज घ्या की हवा किती जास्त दाबावी लागते. इंजिन चालतं, त्यात शंका नाही, पण तुमच्या आजच्या ट्रॅक्टरला ते लागू नाही.

अ‍ॅव्हरेजचं खरं आहे. लिटरमागे पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता आणि इथेनॉलमध्ये २१, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर लिटरमागे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे म्हणून त्यासाठी ट्यून केलेलं इंजिन यातलं थोडं भरून काढतं, जुनी बाइक नाही काढू शकत. पण कुणी म्हणालं की ई-२० ने अ‍ॅव्हरेज निम्मं झालं, तर दुसरं काहीतरी बिघडलंय, कार्बोरेटर, टायरची हवा, क्लच, ते आधी बघा. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील मात्र दरवेळी सर्व्हिसिंगला तपासून घ्या.

प्रश्न : फोक्सवॅगनची ती डिझेल भानगड इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कशी आली नाही? लॅबमध्ये टेस्ट होते ना? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : टेस्ट होत होती आणि गाड्या त्यात पास होत होत्या, मुद्दा तोच आहे. लॅबमध्ये गाडी रोलरवर उभी असते, ठरलेल्या वेगाचा आलेख पडद्यावर येतो आणि ड्रायव्हर तो पाळतो. चाकं फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही, वेग आणि वेळ नेहमी त्याच. गाडीच्या सॉफ्टवेअरला यावरून ओळखता येत होतं की आपली परीक्षा चालू आहे, तेवढ्या वेळापुरतं ते नॉक्स काबूत ठेवायचं आणि रस्त्यावर आलं की सोडून द्यायचं. इन्स्पेक्टर वर्गात असेपर्यंत हाताची घडी, गेला की दंगा.

पकडलं ते अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या पर्यायी इंधन, इंजिन आणि एमिशनवर काम करणाऱ्या छोट्या सेंटरने. आयसीसीटी या संस्थेसाठी त्यांनी २०१३ मध्ये तीन डिझेल गाड्या रस्त्यावर तपासल्या, आणि हेतू असा होता की अमेरिकेतल्या डिझेल गाड्या किती स्वच्छ आहेत ते युरोपला दाखवायचं. डिकीत मोजणारी यंत्रं, त्यांना वीज द्यायला जनरेटर, सायलेन्सरला फ्लो मीटर आणि जीपीएस, असं सगळं घेऊन एक गाडी लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलपर्यंत आणि परत चालवली. फोक्सवॅगनच्या जेटाचा नॉक्स मर्यादेच्या १५ ते ३५ पट आला, त्यांच्याच पसाटचा ५ ते २० पट, आणि तिसरी बीएमडब्ल्यू बहुतेक सगळीकडे मर्यादेत राहिली. ही तिसरी गाडी फार महत्त्वाची, कारण ती नसती तर लोक म्हणाले असते तुमचं यंत्रच चुकतंय. त्या टीममध्ये आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेले अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा होते, हे मला दरवेळी आवर्जून सांगावंसं वाटतं. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण खात्याने नोटीस काढली, मग कंपनीने जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते सॉफ्टवेअर असल्याचं कबूल केलं. भारतात एआरएआय या पुण्याच्या वाहन तपासणी संस्थेने गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये जवळपास सव्वातीन लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या.

आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरची टेस्टसुद्धा आली, तीच डिकीतली यंत्रं घेऊन. लॅबची टेस्ट मात्र काढून टाकून चालणार नाही. रस्त्यावर वारा, ट्रॅफिक, चढ रोज वेगळे, दोन गाड्यांची तुलना करायची तर लॅबच लागते.

प्रश्न : ५० एचपीचा ट्रॅक्टर म्हणून घेतला, आता कळतंय पीटीओला (रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) ४३ च मिळते. फसवलं का? (शेतकरी, माढा)

उत्तर : नाही. ५० ही इंजिनची ताकद, पीटीओपर्यंत येताना गिअर आणि हायड्रॉलिक पंप दहा-पंधरा टक्के खातात. विकत घेण्याआधी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी ट्रॅक्टर टेस्टिंग संस्थेचा रिपोर्ट मागा, त्यात पीटीओची ताकद, वेगवेगळ्या लोडला लागणारं डिझेल, ओढायची क्षमता, ब्रेक सगळं मोजलेलं असतं. रोटाव्हेटर चालवणाऱ्याने पीटीओचा आकडा बघायचा, नांगरणाऱ्याने ड्रॉबारचा म्हणजे ओढायच्या ताकदीचा. ३७ किलोवॅट म्हणजे साधारण ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झालेत, बाजारात ५० च्या जरा खालची इतकी मॉडेलं दिसतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

प्रश्न : ताई, बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे, रोज कोथरूड ते डेक्कन आणि परत, बाकी काही नाही. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो. फिल्टर काढून टाका असं गॅरेजवाला म्हणतो. (वाचक, पुणे)

उत्तर : काढू नका. फिल्टर त्याचं काम करतोय, तुमचा रूट त्याला साफ व्हायची संधी देत नाहीये. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला साधारण ६०० डिग्री लागतात. चार-पाच किलोमीटरच्या सिग्नल-सिग्नलच्या प्रवासात धूर त्याच्या निम्मासुद्धा तापत नाही. गाडी स्वतःच जादा डिझेल फवारून तापमान चढवायला घेते, तेवढ्यात तुम्ही डेक्कनला पोचून चावी काढता, आणि अर्धवट राहिलेलं ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, लगेच बदला.

दिवा नुसता लागलेला असेल, लुकलुकत नसेल तर हायवेला काढा, २००० आरपीएमच्या वर एका वेगात वीसेक मिनिटं चालवा. आयडल वाढलेला, पंखा जोरात, अ‍ॅव्हरेज अचानक पडलेलं असं दिसलं तर साफसफाई चालू आहे, गाडी बंद करू नका. ऑइल फक्त लो-अ‍ॅश, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती कायमची बसते.

हा फिल्टर काय करतो ते आम्हाला बॅलन्स रूममध्ये दिसतं. टेस्टच्या वेळी धुराचा ठरलेला भाग ४७ मिलिमीटरच्या गोल फिल्टर पेपरमधून ओढतात, आधी आणि नंतर वजन करतात, खोलीचं तापमान आणि दमटपणा बांधलेला, कागदावरची स्थिर वीजसुद्धा काढून टाकायची, नाहीतर काटा खोटं बोलतो. जुन्या इंजिनांचा कागद काळाकुट्ट यायचा, काजळ पुसल्यासारखा, चिमटा लागला तरी रेघ उमटायची. डीपीएफवाल्या इंजिनाचा कागद टेस्टनंतर कोऱ्या कागदाशेजारी ठेवला तर कुठला कुठला ते डोळ्याला ओळखू येत नाही. तो फिल्टर काढला की काळा कागद परत येतो, आणि आता तो तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्यांच्या फुप्फुसात. शहरात एवढंच चालवणार असाल तर पुढची गाडी डिझेलची घेऊ नका, हे मात्र मनापासून सांगते.

प्रश्न : पाण्यापासून गॅस करून इंजिनात सोडणारं किट, ३० टक्के डिझेल वाचतं म्हणे. बसवू का? (टेम्पोचालक, मालेगाव)

उत्तर : भाऊ, पैसे वाचवा. त्या किटला वीज अल्टरनेटरची, अल्टरनेटर फिरवायला डिझेल तुमचंच. डिझेलच्या १०० भाग ऊर्जेतले साधारण ३० इंजिनाच्या शाफ्टवर येतात, अल्टरनेटरमधून त्यातले १६-१७ उरतात, पाणी फोडताना अजून कमी होऊन १० ते ११. शंभर देऊन दहा परत. विकणाऱ्याला एवढंच सांगा, किट बंद, किट चालू, परत किट बंद, असं त्याच रूटवर त्याच लोडने तीन वेळा टाकी काठोकाठ भरून चालवू, आणि ड्रायव्हरला किट कधी चालू आहे ते सांगायचं नाही.

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये टाटाच्या हायड्रोजन ट्रकची ट्रायल सुरू झाल्याची बातमी वाचली. त्यात काही ट्रकमध्ये इंजिनच आहे असं कळलं, बॅटरी-मोटर नाही. इंजिनात हायड्रोजन जाळून धूर येत नाही का? आणि माझ्या २०१२ च्या ट्रकला असं करता येईल का? (ट्रान्सपोर्टर, भिवंडी)

उत्तर : हो, त्या ट्रायलमध्ये दोन्ही प्रकार आहेत, फ्युएल सेलचे म्हणजे हायड्रोजनपासून वीज करून मोटर चालवणारे, आणि सरळ इंजिनात हायड्रोजन जाळणारे. हायड्रोजनमध्ये कार्बन नाही म्हणून काजळी आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शून्य, जो काही किरकोळ येतो तो जळालेल्या इंजिन ऑइलचा. पण नॉक्स येऊ शकतो, कारण नायट्रोजन हवेत आहे आणि ज्वाला गरम आहे. हवा भरपूर दिली, गरजेच्या दुपटीपेक्षा जास्त, तर ज्वाला थंड राहते आणि नॉक्स अगदी कमी होतो, पण मग तेवढी हवा आत कोंबायला मोठा टर्बो लागतो आणि चढावर एकदम लोड आला की सगळं गणित सांभाळावं लागतं. सगळी कसोटी त्या क्षणाची आहे, सपाट रस्त्यावर काही कठीण नाही.

हायड्रोजन पेटायला डिझेलसारखा दाब पुरत नाही, स्पार्क लागतो, आणि एकदा स्पार्क दिला की मात्र इतका पटकन पेटतो की सिलिंडरमधला तापलेला एखादा कार्बनचा कण किंवा गरम प्लगसुद्धा त्याला वेळेआधी पेटवतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेटतो. म्हणून अशा इंजिनाच्या टेस्ट सेलमध्ये गॅसचे सेन्सर छताला लावतात, हायड्रोजन वर चढतो, आणि पंखा बंद असेल तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही अशी व्यवस्था असते. मोजायची पद्धतही बदलते. एरवी रोलरवरच्या टेस्टमध्ये गाडीने किती इंधन जाळलं ते धुरातला कार्बन मोजून काढतात, इथे कार्बनच नाही, मग टाकीचं वजन किंवा फ्लो मीटर. शिवाय एक किलो हायड्रोजन जळला की नऊ किलो पाणी तयार होतं, ते वाफेने धुरात असतं, अ‍ॅनालायझरला त्रास देतं आणि थंड इंजिनात रिंगांच्या बाजूने उतरून ऑइलमध्ये मिसळतं. माझ्या मते या इंजिनांचं भवितव्य नॉक्सपेक्षा या ऑइलवर आणि इंजेक्टर किती टिकतात यावर जास्त ठरेल, कारण हायड्रोजनला वंगणाचा गुण अजिबात नाही.

ट्रायलचे आकडे बाहेर येतील तेव्हा शंभर किलोमीटरला किती किलो हायड्रोजन लागला हे बघाच, पण त्याच ओळीत ट्रकमध्ये किती टन माल होता आणि नॉक्स रस्त्यावर मोजला की लॅबमध्ये, हेही लिहिलंय का ते बघा.

तुमच्या २०१२ च्या ट्रकचं सांगायचं तर हेड, पिस्टन, इंजेक्टर, टर्बो, कंट्रोलर सगळंच बदलायला लागेल, आणि ३५० बारच्या टाक्या बसवायला चॅसीसवर वेगळी जागा आणि वेगळी मंजुरी. एवढं करण्यात अर्थ नाही. कुणी किट म्हणून बसवून देतो म्हणाला तर टाकी, व्हॉल्व्ह आणि इंजिन, तिन्हीचं मंजुरीपत्र कागदावर मागा, आणि ते हातात येईपर्यंत ट्रक त्याच्या गॅरेजमध्ये नेऊ नका.